सर्व्हो किती फिरायला हवा?

रेडिओवर उडणाऱ्या विमानाच्या ट्रान्समीटरमध्ये एक पान असतं. काही कंपन्या त्याला 'ट्रॅव्हल' म्हणतात, काही 'एंड पॉइंट' म्हणतात. जुन्या रेडिओंवर 'एटीव्ही' किंवा 'ईपीए' अशी अक्षरं दिसतात. एजटीएक्स चालणाऱ्या रेडिओत हेच काम 'आउटपुट्स' नावाच्या पानावर होतं. नावं वेगळी, काम एकच. स्टिक पूर्ण ढकलल्यावर सर्व्होनं किती फिरायचं, ते इथे ठरतं.

या पानावर बहुतेक वेळा १०० टक्के हा आकडा आधीपासून लिहिलेला असतो. विमान फार उड्या मारायला लागलं की नवीन माणूस तो ६० करतो. विमान वळत नसलं की १३० करतो. बटण दाबलं, आकडा बदलला, काम झालं! सोपं आहे, म्हणूनच तिथे आधी हात जातो. पण हा आकडा सगळ्यात शेवटी बदलायचा असतो. त्याआधी विमानातली तार आणि तिची भोकं नीट करायची. असं का, ते या पाठात बघू.

आधी थोडं शब्दांविषयी. सर्व्हो, स्टिक, एलेरॉन, एलिव्हेटर हे शब्द पुण्यातली मुलंही असेच म्हणतात, त्यामुळे ते बदलायची गरज नाही. पण काही चांगले मराठी शब्द इथे उपयोगी पडतात. दार ज्यावर फिरतं ती बिजागरी, आणि विमानाचं एलिव्हेटरही बिजागरीवरच फिरतं. सी-सॉ म्हणजे एक तरफ, आणि ती ज्यावर टेकते तो टेकू. घट्टच्या उलट सैल. रडरला सुकाणू म्हणता येतं. हा शब्द मुळात होडीचा आहे.

सर्व्होच्या पोटात काय असतं

लहान विमानातला सर्व्हो काडेपेटीपेक्षा छोटा असतो. वजन साधारण ९ ग्रॅम. त्याच्या आत एक मोटर, काही दातेरी चाकं, एक सर्किट आणि आपला हात आत्ता कुठल्या कोनात आहे हे सांगणारा एक भाग असतो. हात म्हणजे सर्व्होच्या डोक्यावर बसवलेली प्लॅस्टिकची छोटी पट्टी. तिला सर्व्हो आर्म म्हणतात. तिच्यावर एका ओळीत भोकं असतात. ही भोकं पुढे फार महत्त्वाची आहेत.

विमानातला रिसीव्हर सर्व्होला विजेचे छोटे ठोके पाठवतो. साध्या सर्व्होसाठी एका सेकंदात ५० ठोके. प्रत्येक ठोका किती लांब आहे, त्यावरून सर्व्होला कळतं की कुठे जायचं. ठोका १५०० मायक्रोसेकंदांचा असला, तर मधोमध. १००० च्या जवळ गेला तर एका टोकाकडे, २००० च्या जवळ गेला तर दुसऱ्या टोकाकडे. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो!

सर्व्हो सतत स्वतःला दोन प्रश्न विचारत असतो. मला कुठे असायला हवं? मी कुठे आहे? दोन्हींची उत्तरं सारखी आली की मोटर थांबते. उत्तरं वेगळी असली की मोटर फिरते. बस्स, सर्व्होला एवढीच अक्कल असते. आपण कशाला तरी अडकलोय, हे त्याला कळत नाही.

आता तो १०० चा आकडा. बऱ्याच रेडिओंमध्ये १०० टक्के म्हणजे ठोका साधारण ११०० ते १९०० मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. नेहमीच्या सर्व्होचा हात तेव्हा मध्यापासून दोन्ही बाजूंना अंदाजे ४० अंश फिरतो. म्हणजे १०० नंतरही जागा उरते. म्हणूनच फुटाबाचे बरेच रेडिओ १४० पर्यंत जाऊ देतात आणि स्पेक्ट्रमचे १५० पर्यंत. तेव्हा १०० म्हणजे शंभर मार्क नव्हेत. तो फक्त कंपनीनं ठरवलेला एक नेहमीचा मुक्काम आहे.

घूं घूं

एका शनिवारी ऑनलाइन वर्ग संपल्यावर एका मुलीनं कॅमेऱ्यासमोर तिचं विमान धरलं.

"ताई, हे मधेच घूं घूं करतंय. बॅटरी तर नवीन आहे."

मी म्हटलं, "स्टिक सोड बघू." आवाज बंद झाला. "आता एलिव्हेटरची स्टिक पूर्ण मागे ओढ." परत घूं घूं सुरू.

तिनं विमान उलटं करून कॅमेऱ्याजवळ आणलं, तेव्हा कारण दिसलं. ट्रॅव्हल १२५ वर होतं. तारेचं टोक विमानाच्या पोटाला टेकत होतं, आणि सर्व्हो अजून पुढे जायला बघत होता. त्याचे दोन प्रश्न आठवतात ना? "मला तिकडे असायला हवं, पण मी इकडे आहे." म्हणून मोटर ढकलत राहते, ढकलत राहते, आणि जागचं काही हलत नाही.

असा अडकलेला सर्व्हो फार वीज खातो. शांत असताना तो काही मिलिअँपिअर घेतो. अडकला की शेकडो मिलिअँपिअर, आणि मोठा सर्व्हो याहून कितीतरी जास्त. तो तापतो, आणि बराच वेळ तसाच राहिला तर जळतोही. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे. इलेक्ट्रिक विमानात रिसीव्हर आणि सगळे सर्व्हो बहुतेक एकाच छोट्या वीजपुरवठ्यावर चालतात. एकानं जास्त ओढलं की सगळ्यांचा दाब खाली येतो. फारच खाली आला, तर रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. तेवढ्या वेळात तुमच्या हातात फक्त ट्रान्समीटर असतो, विमान नसतं. आणि एलिव्हेटरची स्टिक तुम्ही पूर्ण कधी ओढता? विमान जमिनीजवळ आलेलं असतं आणि तुम्ही घाबरलेले असता तेव्हा. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी.

एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक आवाज म्हणजे संकट नाही. डिजिटल सर्व्हो थोडा भार धरून ठेवतानाही बारीक गुणगुणतात. स्टिक टोकाला नेली की आवाज एकदम वाढतो का, ते ऐका. वाढला, तर तिथे काहीतरी अडतंय.

आधी भोकं बदला

सर्व्हो आर्मच्या एका भोकातून एक तार निघते. तिला पुशरॉड म्हणतात. तारेच्या दुसऱ्या टोकाला चिमट्यासारखा एक जोड असतो, त्याला क्लेव्हिस म्हणतात. तो एलिव्हेटरवर बसवलेल्या छोट्या शिंगात अडकतो. त्या शिंगाला हॉर्नच म्हणतात, आणि त्यावरही एकावर एक भोकं असतात. म्हणजे इथे दोन तरफा आहेत. एक सर्व्होवर, एक एलिव्हेटरवर. तार कुठल्या भोकात आहे, त्यावरून एलिव्हेटर किती हलेल ते ठरतं.

आकडे घेऊन बघू. समजा तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत लिहिलं आहे: एलिव्हेटर वर १२ मिलिमीटर, खाली १२ मिलिमीटर. हे अंतर एलिव्हेटरच्या मागच्या कडेला मोजतात. बिजागरीपासून त्या कडेपर्यंत एलिव्हेटर ४० मिलिमीटर रुंद आहे.

पहिल्या वेळी तुम्ही तार सर्व्होच्या मध्यापासून १४ मिलिमीटरवरच्या भोकात लावली. हॉर्नवरही बिजागरीपासून १४ मिलिमीटरवर लावली. दोन्ही अंतरं सारखी, म्हणून सर्व्हो ४० अंश फिरला की एलिव्हेटरही साधारण ४० अंश फिरतं. मागची कडा जवळपास २६ मिलिमीटर वर जाते. हव्या असलेल्या अंतराच्या दुप्पट! आता तुम्ही रेडिओत जाऊन ट्रॅव्हल ४५ टक्के करू शकता. कडा १२ वर थांबेल. पट्टीनं मोजलं तर सगळं बरोबर दिसेल.

दुसरा मार्ग असा. ट्रॅव्हल १०० च ठेवा. सर्व्हो आर्मवर तार आत घ्या, ८ मिलिमीटरवरच्या भोकात. हॉर्नवर ती बाहेर न्या, १८ मिलिमीटरवर. ८ भागिले १८ म्हणजे ०.४४. सर्व्हो ४० अंश फिरला की एलिव्हेटर साधारण १८ अंश फिरेल. कडा १२ मिलिमीटर वर जाईल.

दोन्हीकडे १२ च. मग फरक काय?

पहिला फरक ताकदीचा. दुसऱ्या मार्गात सर्व्हो जास्त फिरून कमी हलवतो, म्हणून तो जास्त जोर लावू शकतो. १८ भागिले ८, म्हणजे सव्वादोन पट. सायकलवर चढ चढताना तुम्ही हलका गिअर टाकता ना, तसंच. विमान वेगात असताना हवा एलिव्हेटरला परत सरळ ढकलत असते. तेव्हा हा जोर लागतो.

दुसरा फरक सैलपणाचा, आणि माझ्या मते हा जास्त महत्त्वाचा आहे. कुठल्याही सर्व्होच्या दातेरी चाकांमध्ये थोडीशी ढिलाई असतेच. समजा सर्व्हो आर्म एक अंश इकडेतिकडे डुलतो. पहिल्या मार्गात एलिव्हेटरही एक अंश डुलेल. दुसऱ्या मार्गात अर्ध्या अंशाहूनही कमी. रेडिओतला आकडा ४५ केला म्हणून ही ढिलाई कमी होत नाही. रेडिओला तर ती माहीतच नसते. आणि सैल एलिव्हेटर ही फक्त गैरसोय नाही. विमान वेगात खाली आलं की सैल भाग हवेत फडफडायला लागू शकतो. याला फ्लटर म्हणतात. जोराचा फ्लटर एखाद्या सेकंदात बिजागरी तोडू शकतो.

तिसरा फरक लहान आहे. आजच्या बऱ्याच रेडिओंमध्ये स्टिकच्या हालचालीच्या १०२४ किंवा २०४८ पायऱ्या असतात. ट्रॅव्हल कमी केलं की त्याच पायऱ्या सर्व्होच्या छोट्याशा फिरण्यात कोंबल्या जातात, आणि सर्व्होला इतके बारीक फरक पाळता येत नाहीत.

संक्रांतीला भारतात गेला असाल तर पतंगाला मंगळसूत्र बांधताना पाहिलं असेल. पतंगाच्या काड्यांना बांधलेल्या त्या दोऱ्याला मंगळसूत्रच म्हणतात. पतंग नीट उडत नसेल, तर जाणता माणूस गच्चीवरून मांजा जोरात ओढत बसत नाही. तो पतंग खाली उतरवतो, मंगळसूत्र सोडतो आणि परत बांधतो.

आता हाताला काम

सगळ्यात आधी प्रोपेलर काढून ठेवा. इलेक्ट्रिक विमानाची मोटर चुकून सुरू झाली, तर बोटं वाचली पाहिजेत. यात कुठलीच सवलत नाही, घाई असली तरी नाही. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर.

रेडिओत या विमानासाठी नवीन मॉडेल उघडा. सगळे ट्रिम शून्यावर, सगळं ट्रॅव्हल १०० वर. जुन्या विमानाचे आकडे तसेच वापरू नका.

स्टिक मधोमध असताना सर्व्हो आर्म तारेशी काटकोनात हवा. बहुतेक वेळा तो पहिल्या झटक्यात तसा बसत नाही, थोडा तिरका राहतो. स्क्रू काढा, आर्म उचला आणि एक दात पुढेमागे करून बसवा. इथे एक गंमत आहे. काही सर्व्होंच्या दांड्यावर २५ दात असतात. ३६० भागिले २५ म्हणजे एका दाताला १४.४ अंश. हे फार झालं. पण चार हातांचा आर्म असेल, तर २५ ला ४ नं पूर्ण भाग जात नाही. म्हणून प्रत्येक हात थोड्या वेगळ्या कोनात बसतो, ३.६ अंशांच्या फरकानं. चारही हात लावून बघा, सगळ्यात सरळ बसेल तो ठेवा, बाकीचे कापून टाका. एवढं करून जो एखादा अंश उरतो, तो रेडिओतल्या 'सब-ट्रिम'नं काढा. सब-ट्रिम त्यासाठीच आहे. त्यानं मोठा तिरकेपणा काढलात, तर एका बाजूला फिरायला जागा कमी उरते आणि दुसऱ्या बाजूला जास्त.

आता क्लेव्हिस फिरवून तारेची लांबी अशी करा, की एलिव्हेटर शेपटीच्या रेषेत सरळ राहील.

मग दिशा. विमानाच्या मागे उभे राहा, त्याचं नाक तुमच्यापासून दूर हवं. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढा: एलिव्हेटरची मागची कडा वर गेली पाहिजे. एलेरॉनची स्टिक उजवीकडे: उजव्या पंखावरचं एलेरॉन वर, डाव्या पंखावरचं खाली. रडरची स्टिक उजवीकडे: रडरची मागची कडा उजवीकडे. उलटं होत असेल तर 'रिव्हर्स'च्या पानावर जाऊन तो चॅनल उलटा करा. कुठली गोष्ट कुठल्या स्टिकवर, ते तुमच्या मोडवर आहे. अमेरिकेत बहुतेक लोक मोड २ वापरतात. त्यात एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या स्टिकवर असतात, थ्रॉटल आणि रडर डाव्या. मोड १ मध्ये एलिव्हेटर डावीकडे जातं आणि थ्रॉटल उजवीकडे. तुमचा मामेभाऊ दुसऱ्या देशात मोड १ वर शिकला असेल, तर त्याच्या हातात तुमचं विमान देताना हे आठवा!

उलटं एलेरॉन जमिनीवर ओळखू येतं, पण सवयीनं डोळा फसतो. "हलतंय ना? झालं तर," असं म्हणून लोक पुढे जातात. हलतंय का हा प्रश्नच नाही. कुठे हलतंय ते बघा. ते प्रत्येक उड्डाणाआधी बघा.

आता पट्टी घ्या. स्टिक पूर्ण ओढून धरा आणि मागची कडा किती वर गेली ते मोजा. मग पूर्ण पुढे ढकला आणि खाली मोजा. १२ च्या ऐवजी १८ आलं, तर परत भोकं बदला. १३ आलं, तर मात्र ट्रॅव्हलच्या पानावर जा. या पानावर वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळा असतो. स्टिक ज्या बाजूला नेली, त्या बाजूचा आकडा बदलतो. वर ९२ आणि खाली ९७ असं आलं तरी बिघडलं नाही. तार थोडी तिरकी जाते, म्हणून दोन्ही बाजूंचं अंतर क्वचितच अगदी सारखं येतं. मिलिमीटर सारखे हवेत, टक्के नव्हे.

शेवटी ऐका. ट्रिम एका टोकाला न्या, मग स्टिकही त्याच टोकाला न्या. बऱ्याच रेडिओंमध्ये ट्रिम स्टिकमध्ये मिळवला जातो, म्हणून फक्त स्टिकनं तपासणं पुरेसं नाही. एलिव्हेटर आणि रडर एकत्र टोकाला नेऊन ते एकमेकांना लागत नाहीत ना, तेही बघा. घूं घूं ऐकू आलं, तर आवाज बंद होईपर्यंत ट्रॅव्हल थोडं थोडं कमी करा. फार कमी करावं लागत असेल, तर काय अडतंय ते शोधून काढा.

एलेरॉनचं काम असंच. फक्त बऱ्याच विमानांत एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी हलवतात. खाली गेलेलं एलेरॉन हवेला जास्त अडवतं आणि विमानाचं नाक चुकीच्या बाजूला ओढतं, म्हणून. पुस्तिकेत दोन वेगळे आकडे असतील तर छपाईची चूक समजू नका. थ्रॉटलचं मात्र वेगळं. इलेक्ट्रिक मोटरच्या स्पीड कंट्रोलरला स्टिकची दोन टोकं शिकवावी लागतात, आणि ती पद्धत त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यायची.

ड्युअल रेट आणि एक्स्पो

हे दोन शब्द ट्रॅव्हलच्या शेजारी राहतात, म्हणून गोंधळ होतो. ट्रॅव्हल म्हणजे शेवटची सीमा. ती एकदा ठरवली की सहसा हलवायची नाही. ड्युअल रेट म्हणजे एक स्विच. तो खाली केला की तीच हालचाल, समजा, ७० टक्के होते. विमान फार उड्या मारत असेल तर हा स्विच वापरा, ट्रॅव्हल नको. एक्स्पोनं टोक बदलत नाही, पण स्टिकच्या मधल्या भागातली हालचाल मऊ होते. बोटं थरथरतात अशा नवीन माणसाला याचा फार उपयोग होतो.

एक्स्पोचा आकडा टाकताना सावध राहा. स्पेक्ट्रमच्या रेडिओत मऊ करायला अधिक ३० लिहितात. फुटाबात त्याच कामासाठी उणे ३० लिहितात. मित्राचा आकडा तसाच तुमच्या रेडिओत घातला, तर मऊ होण्याऐवजी विमान मधल्या भागातच बिथरेल. आकडा टाकल्यावर रेडिओच्या पडद्यावरची रेघ बघा. मधला भाग आडवा झाला, तर बरोबर. उभा झाला, तर चिन्ह बदला.

सगळं ठरलं की मिलिमीटर, भोकांची अंतरं आणि टक्के एका कागदावर लिहा, आणि तो विमानाच्या खोक्यात ठेवा. सर्व्हो मोडला आणि नवीन बसवायची वेळ आली, की तो कागद कामाला येतो.

मग पहिलं उड्डाण. विमान सरळ उडत नसेल तर हवेत ट्रिमचं बटण दाबून ते सरळ करा, आणि उतरवा. आता एलिव्हेटर जिथे थांबलंय, ती त्याची खरी जागा. ती पेन्सिलीनं खूण करून ठेवा. ट्रिम परत शून्यावर आणा आणि एलिव्हेटर त्या खुणेवर येईपर्यंत क्लेव्हिस फिरवा. अर्धा फेरा, एक फेरा, बहुतेक वेळा एवढंच लागतं. मग पट्टी घ्या आणि ते १२ मिलिमीटर पुन्हा एकदा मोजा, वर आणि खाली.